‘येते’ म्हणून जाणं

आत्याच्या घरातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. चुकून तोंडातून निघालंच, तर शिलाई मशीनवरचा तिचा पाय जागच्या जागी थांबायचा. मशीन थांबलं म्हणजे आता ऐकून घ्यायचं, एवढं मला कळायचं. “जाते काय, कुंदे? कायमची चाललीस का? आत ये. बस. घोटभर पाणी पी आणि नीट सांगून नीघ.” मग मी चप्पल काढून आत जायची, पाटावर टेकायची, तांब्यातलं पाणी प्यायची, “आत्या, येते गं,” म्हणायची. ती “ये हं,” म्हणायची आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. तेवढ्यात तासगावची पहिली एसटी निघून गेलेली असायची. ती गाडी गेली की पुढचं सगळं गणित कोसळतं, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! पण अभद्र बोलून घराबाहेर पडण्यापेक्षा एसटी गेलेली बरी, असं तिचं ठाम मत होतं. आणि दुसऱ्याच्या घरात राहताना ठाम मतं त्यांची असतात, आपली नसतात.

घर सांगलीत, हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत. हळदीचा हंगाम सुरू झाला की गल्लीभर तो कोरडा, नाकात बसणारा वास. उंबऱ्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर पिवळी धूळ. आत्या दिवसभर ब्लाउज आणि परकर शिवायची. तिचं मशीन, शेजारच्यांचा रेडिओ आणि भर दुपारी हमालांचं ओरडणं, या तीन आवाजांत माझी ती वर्षं गेली. संध्याकाळी परत यायची तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असायचं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कधी भडंग उरलेलं असलं तर तेही कोपऱ्यात मूठभर. “खा. सुकलीस नुसती,” असं ती मशीनवरूनच म्हणायची. सुकले नव्हते मी. थकायची, एवढंच. विशीतलं माणूस इतकं थकतं यावर तिचा विश्वास बसायचा नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही बसायचा नाही.

साताऱ्याहून मला सांगलीला पाठवलं होतं बी.ए. करायला. ते झाल्यावर परत जायचं, असं ठरलेलं. पण त्याच सुमारास आमच्या कॉलेजातल्या एका बाईंनी मला एका केंद्रात नेलं. केंद्र म्हणजे बालवाडीच्या मागच्या दोन खोल्या. एकीत सतरंजी, लाकडी ठोकळे, खुळखुळे. दुसरीत टेबल आणि केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई. ज्यांना उशिरा बसता येतं, उशिरा चालता येतं, बोलता येत नाही, अशा अगदी लहान मुलांसाठी ते काम होतं. मोठ्या बाईंनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तुला काही शिकवायचं नाही. तू फक्त जुळवाजुळव कर.” मला वाटलं, सोपं आहे की!

जुळवाजुळव म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. गावातल्या अंगणवाडीच्या ताईनं सांगायचं की अमक्याचं पोर मान धरत नाही. मग त्या घरी जायचं. आईला पटवायचं, आई पटली की सासूला, सासू पटली की मळ्याच्या मालकाला, की हिला एक दिवस सोडा. मग मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, आणि त्या वेळेला जुळणारी एसटी बघायची. सगळं जमलं की नेमका त्या दिवशी पोराला ताप यायचा, नाहीतर डॉक्टर गावाला जायचे, नाहीतर भावकीत कुणीतरी मरायचं. आणि प्रत्येक दारात एकच शब्द ऐकायला मिळायचा, ‘बघू’. नाही कुणीच म्हणत नसे. नाही म्हटलं असतं तर मी निदान परत तरी फिरले असते. ‘बघू’ म्हणून चहा पाजायचे, आणि मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायची. त्या काळात प्यायलेला गूळ घातलेला चहा मला अजून आठवला की पित्त होतं.

पूनमचं घर तासगावच्या पुढे, एसटीनं उतरून चालत जायच्या एका वस्तीवर. तिथे सगळ्या द्राक्षबागा. पूनमची आई शालन वडूजकडची. माहेरी पाण्याची मारामार, बाजरी आणि मटकी एवढंच पीक. लग्न होऊन इकडे आली तेव्हा द्राक्षाचे मांडव बघून आपण सिनेमात आलो असं वाटलं, हे ती हसत सांगायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादी रात्र घरी. सासू हौसाबाई, आवाज खणखणीत, कंबर वाकलेली, पण नजर घारीची. आणि पूनम. तीन वर्षांची, गुबगुबीत, डोळे मोठे, केस कायम कपाळावर आलेले. बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. “हिचा बा बी लय उशिरा बोलला,” हौसाबाई मला दर वेळी सांगायच्या. “तुमी शिकल्यालं हायसा, पर आमी बी पोरं वाढीवल्यात.”

उन्हाळा लागला की त्या दोघी सासू-सुना बेदाण्याच्या शेडवर कामाला जायच्या. लांबच लांब शेड, एकावर एक जाळ्या ताणलेल्या, त्यांवर औषधात बुडवलेली द्राक्षं पसरलेली. आंबटगोड वास इतका दाट की घशाला चिकटायचा. मधमाश्यांची गुणगुण, बायकांच्या गप्पा, आणि क्रेट घेऊन सारखे मागेपुढे होणारे ट्रॅक्टर. या ट्रॅक्टरांचीच शालनला धास्ती होती. एकदा पूनम मागे येणाऱ्या ट्रॉलीसमोर बसून माती खेळत होती आणि सगळ्या बायका ओरडत होत्या तरी तिनं मान वर केली नव्हती. ड्रायव्हरनं पाहिलं म्हणून वाचली. तेव्हापासून शालन तिला शेडच्या खांबाला बांधायची. दोरी काचते म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी काढलेली होती. पूनम खाली बसायची, उजवा पाय पुढे करायची, शालन घोट्याला पट्टी बांधायची, तिच्या कानाशी वाकून, ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायची, “येऽऽती गं बाय!” आणि जाळ्यांच्या पलीकडे कामाला निघून जायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या पट्टीकडेच बघत राहिले. शालननं माझं तोंड बघितलं असावं. “काय करू बाई?” ती म्हणाली. “मरायला सोडू?”

आजही कुणी मला विचारलं, तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं, तर मी पट्टीच बांधली असती.

कान तपासायला मिरजेला न्यायचं ठरलं. पुण्याहून साठे मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. एका कानाच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावरची खोली त्यांना मिळायची. ती खोली म्हणजे एक शिक्षाच होती, कारण खाली आणि शेजारी तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं. दिवसभर कुणी तार छेडतंय, कुणी भोपळा तासतंय. कान तपासायचे तर शांतता हवी. ती मिळायची फक्त कारागीर दुपारी जेवायला उठले की, तेवढ्या तासात. म्हणजे पहाटेची एसटी धरून मी वस्तीवर, तिथून त्यांना घेऊन तासगाव, मग सांगली, मग मिरजेची सिटी बस, आणि बरोबर जेवणाच्या वेळेला मुलगी जागी, खाल्लेली, न रडणारी अशी खोलीत हजर पाहिजे. पहिल्या खेपेला पूनम बसमध्ये झोपली. उठवली तर चिडली. मॅडमनी मागून डफ वाजवला, घंटी वाजवली, हाका मारल्या. तिनं ढुंकून पाहिलं नाही. वर मॅडमनी “ये, इकडे ये,” म्हटलं की खाली बसकण मारायची. खालून तंबोरा सुरू झाला आणि वेळ संपली. मॅडम दमलेल्या होत्या, त्यांच्यासमोर रांग होती. “प्रतिसाद नाही,” त्या म्हणाल्या. “आणि नुसता कानाचा प्रश्न वाटत नाही मला. समजही कमी दिसते.”

याचा अर्थ काय होता ते नीट सांगायला हवं. केंद्राकडे कुणीतरी दिलेलं कानाचं मशीन होतं, एकच. ते अशा मुलाला द्यायचं, ज्याला थोडं तरी ऐकू येतं आणि जे शिकेल. त्यासोबत केंद्रात आठवड्याचा धडा, आईला शिकवणं, सगळं आलं. ‘प्रतिसाद नाही, समज कमी’ असा शेरा पडला की ते मशीन दुसऱ्या कुणाकडे जाणार आणि पूनम खांबालाच राहणार. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. “मी तरी काय करू, कुंदा? एकच आहे,” असं त्या म्हणाल्या. मी हट्ट धरला की एकदा पुन्हा तपासू या. का धरला ते मला सांगता येणार नाही. त्या पोरीचे डोळे बावळट नव्हते, एवढंच.

वस्तीवर मात्र हौसाबाईंनी तोंड फिरवलं. बेदाण्याचा ऐन हंगाम, शालनचा एकेक दिवस मोडत होता. “ह्यो शेवटचा हेलपाटा,” त्या मला म्हणाल्या, चहा न देता. त्यावरूनच मी ओळखलं की हे ‘बघू’ नाही. “आता न्हाई काय झालं तर परत आमच्या दारात यायाचं न्हाई, बाई. पट्टी हाय ती बरी. निदान जित्ती तर ऱ्हाईल.” शालन चुलीपुढे बसून लाकडं पुढे सारत होती.

त्या दिवशी आत्याकडून निघताना मी नीट ‘येते’ म्हणून निघाले, एसटी मिळाली, सांगलीच्या स्टँडवर सिटी बस मिळाली, पूनम वाटेत झोपली नाही. इतकं सगळं जुळलं की मलाच भीती वाटायला लागली. वरच्या खोलीत गेलो तेव्हा खाली कुणीतरी अजून एक तार लावत होतं, तीच ती, तीच ती. मग तीही थांबली. डबे उघडल्याचे आवाज आले. साठे मॅडम म्हणाल्या, “चला.”

पूनम शालनच्या मांडीवर, तोंड आईकडे. ठोकळे दोघींच्या मधे. मॅडम मागे. डफ वाजला. पूनम ठोकळा ठोकळ्यावर ठेवत राहिली. घंटी वाजली. काही नाही. “पूनम!” काही नाही. शालनच्या कपाळावर घाम आला होता, आणि ती डोळ्यांनीच पोरीला सांगत होती, बघ, माझ्या राणी, मागं बघ. मॅडमनी हाक मोठी केली. “पूनम, येऽऽ! इकडं येऽऽ!” आणि पूनमनं हातातला ठोकळा टाकला आणि आईच्या मांडीवरून घसरून ती फरशीवर बसली. “झालं,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या वेळीही हेच. बसकण मारते.” शालन लाजेनं लाल झाली. “आसंच करती ओ ती. ऊठ गं!” तिनं तिला दंडाला धरून उचललं, मांडीवर घेतलं. मॅडमनी पुन्हा मागून हाक दिली, “येऽऽ!” पूनम पुन्हा घसरली, पुन्हा बसली.

मी भिंतीला टेकून उभी होते. कंटाळून, हरून खाली बघत होते, म्हणून मला दिसलं. ती नुसती बसत नव्हती. तिनं उजवा पाय पुढे केला होता. सरळ, लांब, घोटा वर. घोट्याभोवती पट्टीचा काळपट वण होता, आणि ती पाय पुढे करून वाट बघत होती.

“मॅडम,” मी म्हटलं, “परत म्हणा. फक्त ‘ये’ म्हणा.”

“सूचना नकोत,” मॅडम म्हणाल्या.

“पाया पडते तुमच्या, पण एकदा म्हणा. बाहेर जाऊन म्हणा, दाराआडून. तिच्या पायाकडे मी बघते.”

काय वाटलं असेल त्यांना कुणास ठाऊक, पण त्या गेल्या. पूनमला शालननं उचलून पुन्हा मांडीवर घेतलं, ठोकळा हातात दिला. खोलीत पट्टी नव्हती, खांब नव्हता, कुणी वाकलेलं नव्हतं. दाराआडून हाक आली, “येऽऽ!” पूनम उतरली, बसली, पाय पुढे केला. मग मॅडमनी ‘बस’ म्हटलं, ‘पूनम’ म्हटलं, ‘दे’ म्हटलं. ती ठोकळ्यांशी खेळत राहिली. पुन्हा ‘येऽऽ’. पुन्हा पाय. मॅडम आत आल्या, चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. “कुणी शिकवलं हिला हे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शेड सांगितलं, ट्रॅक्टर सांगितला, पट्टी सांगितली, जाताना आई ‘येती गं बाय’ म्हणते ते सांगितलं. शालन आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होती. मॅडम तिला म्हणाल्या, “बाई, तुमच्या मुलीला ऐकू येतं. सगळं नाही, थोडं. मोठा, लांबवलेला आवाज येतो. आणि समज चांगली आहे. ज्या आवाजाचा तिला काही उपयोग नाही तिकडे ती कशाला बघेल? डफ वाजला म्हणून तिचं कधी काही झालंय का? हा एकच आवाज तिच्या कामाचा आहे. हा आला की पाय द्यायचा.”

शालनला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती पूनमच्या शेजारी फरशीवर बसली, तो पुढे केलेला पाय तिनं दोन्ही हातांत धरला आणि हंबरडा फोडला. “माझ्या लेकराला येक सबूद आला, बाई, आन त्यो बी बांधायचा!” खाली जेवणं उरकली होती, तारा पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि पुढची आई दारातून आत डोकावत होती. मी शालनला उठवलं, तोंड धुवायला लावलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या आधी इतका शीण आला की जिन्यात मी कठड्याला धरून उभी राहिले.

मशीन पूनमला मिळालं. त्या वेळची मशीनं छातीवर अडकवायची, काड्यापेटीपेक्षा मोठी, तिथून कानापर्यंत वायर. ते ठेवायला आत्यानं परकराच्या उरलेल्या छिटाची पिशवी शिवून दिली, मागून पट्ट्या घेऊन, म्हणजे धावताना हलायला नको. तीन पिशव्या शिवल्या आणि वर मलाच विचारलं, “लाल आवडेल का तिला?” वस्तीवर पूनम रेडिओवाली झाली. “कुठलं स्टेशन लागलंय गं?” म्हणून बाप्ये चिडवायचे. ती हसायची, कारण आता चिडवलेलं थोडंफार ऐकू यायचं.

पण खरी लढाई पुढेच होती, आणि ती एका शब्दावरून झाली. साठे मॅडमनी बजावलं होतं, या मुलीला सरळ शब्द पाहिजेत. येताना ‘ये’, जाताना ‘जा’. आई निघाली की तिनं ‘जाते’ म्हणायचं, हात हलवायचा आणि मगच जायचं. ‘येते’ म्हणून निघून गेलात तर ती जन्मभर ‘ये’ म्हटलं की पाय पुढे करेल. मी हे हौसाबाईंना सांगितलं मात्र, त्या ताडकन उठल्या. “जाती म्हनायाचं? माझा ल्योक ट्रकवर रातदीस रस्त्यावर, आन सून उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन जाती म्हनंल? जीभ झडंल तिची! आवं, मढं निगतंय ते जातं. जिती मानसं येत्यात!” त्याच सकाळी मी स्वतः पाटावर बसून, पाणी पिऊन ‘येते’ म्हणून निघाले होते. घरी आत्याला सांगितलं तर तीही हौसाबाईंच्याच बाजूची. “मॅडमना काय होतंय सांगायला? पुण्याला बसून!” असं म्हणाली.

आता माझ्या भाचीची मुलगी फोनवरसुद्धा ‘बाय’ म्हणते आणि कुणाला काही होत नाही. घरादारातून सगळे बाय-बाय करत जातात आणि व्यवस्थित परत येतात. पण तेव्हा त्या एका शब्दासाठी मी त्या वस्तीवर किती चकरा घातल्या! दर खेपेला पूनम ‘ये’ शिकायची आणि दर सकाळी शालन पोरीला सासूपाशी घरी सोडून, तिच्याच धाकानं ‘येती’ म्हणून निघायची. शिकवलेलं सगळं धुऊन जायचं. मी मोठ्या बाईंना म्हटलंसुद्धा, मला नाही जमत, मी साताऱ्याला जाते. त्या म्हणाल्या, “जा. पण आधी मंगळवारचा धडा उरकून ये.”

तोड काढली शालननं. एके दिवशी ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पूनमपुढे वाकली, हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाली, “जाऽऽती!” हौसाबाईंनी दोन्ही कानांवर हात घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मग शालन उंबरा ओलांडून अंगणात गेली, वळली, आणि सासूकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “आत्याबाई, येती हं.” हौसाबाईंनी तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. पोरीला एक शब्द आणि देवाला एक, अशी वाटणी झाली. ‘जाती’ ऐकून पूनम पहिल्या दिवशी गोंधळली, दुसऱ्या दिवशी रडली, मग कधीतरी हात हलवायला लागली. ‘ये’ म्हटलं की मात्र पाय यायचाच. तो काही केल्या जात नव्हता. आम्ही ‘ये’ म्हणून गूळ द्यायचो, ‘ये’ म्हणून कडेवर घ्यायचो, आणि ती गूळ खाताखाता पाय पुढे करायची.

पावसाळा सरला, बागांची छाटणी सुरू झाली. त्या मंगळवारी मी धडा संपवला तेव्हा शालन केव्हाच बागेत गेली होती. लुगड्याची पट्टी आता घरात डाळीच्या पोत्याचं तोंड बांधायला घेतली होती. पूनम दारात उभी, छातीवर लाल पिशवी, कानात वायर. मला गाडी गाठायची होती, डोकं दुखत होतं, आणखी दोन घरं राहिली होती. मी पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली आणि सवयीनं, काही विचार न करता म्हटलं, “बरंय हौसाबाई, येते.”

“या बाई, या परत,” हौसाबाई म्हणाल्या.

पूनमनं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाय हलला नाही. तिच्या कपाळाला आठी पडली, एखाद्या मोठ्या बाईला पडावी तशी. ती माझ्याजवळ आली, दोन्ही तळवे माझ्या पोटाला लावले, मला उंबऱ्याकडे ढकललं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “जा.”

“आगं ए भवाने!” हौसाबाई ओरडल्या. “पावन्या मानसाला जा म्हंत्यात व्हय?” आणि तोंडावर हात ठेवून तशाच थांबल्या. मग हळूहळू उंबऱ्यावर बसल्या. “बाई, बोलली का ओ ही?”

“बोलली.”

“माझी बाय ती. आन सबूद तरी कसला काढला बया, ऐन उंबऱ्यात!” त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाकलेल्या कंबरेनं त्या बागेच्या वाटेला लागल्या, “शालन, आगं शालन, पोरगी जा म्हनली,” म्हणून ओरडत. पूनम अजून मला ढकलतच होती. मी बराच वेळ तिला ढकलू दिलं. गाडी गेली, उरलेली दोन्ही घरं राहिली, आणि पुढच्या गाडीत मला बसायला जागाही मिळाली नाही.

घरी पोचले तेव्हा ताट झाकलेलं होतं. आत्यानं माझा चेहरा बघून मशीन थांबवलं. “काय झालं गं?”

“एका मुलीनं मला ‘जा’ म्हटलं.”

“जा? घरी आलेल्या माणसाला?” आत्या खवळली. “कोण ती कार्टी? काही वळण लावलंय का नाही तिला कुणी?”

“लावलं ना, आत्या,” मी म्हटलं. “इतके महिने तेच तर लावत होते,” आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मी रडायला लागले.